हात, मूठ आणि काठी
जमीनमोजणीतील शरीराच्या मापांची कथा

दिल्लीत अथवा तिच्या आसपासच्या गाझियाबाद, फरीदाबाद, गुरुग्राम ह्या भागांत कोणी घरासाठी जमीन पाहू लागला म्हणजे त्याच्या कानावर पहिला शब्द पडतो तो ‘गज’. अमुक वस्तीत शंभर गज, तमुक रस्त्यावर दोनशे गज, अशी बोलणी चाललेली असतात. मेट्रिक पद्धतीचा कायदा आपल्या देशात १९५६ साली झाला; शाळेतील प्रत्येक मूल चौरस मीटर शिकते; तरीही गज गेलेला नाही. तीच गोष्ट महाराष्ट्रात गुंठ्याची. आणि ‘मी तसूभरही मागे सरणार नाही’ असे जो म्हणतो, त्याला तसू म्हणजे किती हे बहुधा ठाऊक नसते. तसू हा गजाचा चोविसावा भाग. माप नाहीसे झाले, परंतु भाषेने ते जपून ठेवले.

ही मापे मुळात आली कोठून, असे विचारले तर उत्तर सोपे आहे. ती मनुष्याच्या शरीरातून आली. बोटाची रुंदी ते अंगुळ, पसरलेल्या पंजाची ती वीत, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा तो हात, दोन्ही बाहू पसरल्यावर होते ती वाव. विहिरीची खोली आपल्याकडे पुरुषांत, म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीत सांगत. शरीर सदैव बरोबर असते, ते विसरत नाही, हरवत नाही, त्याला किंमत पडत नाही. कापड मोजावयाचे, दोर मोजावयाचा, तोवर ह्या मापांत काही बिघडत नाही. अडचण उभी राहते ती जमिनीच्या बाबतीत. कारण जमीन मोजली जाते ती सारा आकारण्यासाठी, आणि साऱ्याच्या प्रसंगी ‘हात कोणाचा?’ हा प्रश्न कुतूहलाचा राहत नाही. तो धान्याचा आणि पैशाचा होतो.

कोणाचे बोट, कोणाचा हात?

हा प्रश्न फार जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात अंगुळाची व्याख्या करताना मध्यम बांध्याच्या पुरुषाचे मधले बोट घ्यावे असे सांगितले आहे. त्याला पर्याय म्हणून यवाच्या आठ दाण्यांची रुंदी दिली आहे. म्हणजे राजाचे बोट नव्हे, मल्लाचे नव्हे, सरासरी माणसाचे. पुढे त्याच ग्रंथात आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. साधारण धनुष्य ९६ अंगुळांचे. परंतु ब्राह्मणांना व अतिथींना दान दिलेली जमीन मोजण्याचा दंड १९२ अंगुळांचा, म्हणजे बरोबर दुप्पट. काठी दुप्पट लांब झाली की संख्या तीच राहूनही जमीन चौपट होते. देणाऱ्याचे औदार्य काठीच्या लांबीत दडलेले होते. उलट, सारा घेणाऱ्याने काठी आखूड केली तर त्याच शेतातून अधिक काठ्या निघतात आणि शेतकऱ्याच्या नावावर नसलेली जमीन चढते. मोजणीचा सगळा इतिहास ह्या एका वाक्याभोवती फिरतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

अबुल फझलाने ‘आईन-ए-अकबरी’त गजाविषयी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यात खलिफा उमर यांच्या गजाची हकीकत येते. त्यांनी लांब, मध्यम व आखूड असे तीन गज एकत्र करून त्यांचा तिसरा हिस्सा काढला, त्यात मिटलेली मूठ व उभा अंगठा यांची उंची मिळविली, आणि त्या मापाची दोन्ही टोके कथिलाने बंद करून ते इराकच्या मोजणीसाठी पाठविले. आधी सरासरी, मग मूठ, आणि शेवटी कोणी टोक तासू नये म्हणून धातूची टोपी! लोक काठीची टोके तासत असले पाहिजेत, हे त्या टोपीवरूनच कळते.

हिंदुस्थानात सिकंदर लोदीने (राज्यकाल १४८९ ते १५१७) वेगळा उपाय योजला. त्याचा गज म्हणजे त्याच्याच साडेएकेचाळीस नाण्यांची, एकापुढे एक मांडून होणारी, लांबी. नाणी एकाच टांकसाळीच्या साच्यातली. बोटे माणसागणिक बदलतात, नाणी तितकी बदलत नाहीत. आणि ज्याच्या गाठीला नाणी आहेत त्याला सरकारी गज पडताळून पाहता येतो. हुमायूनने त्यात अर्धे नाणे वाढवून ती संख्या बेचाळीस केली. दिल्लीच्या लोदी उद्यानात सिकंदराच्या कबरीपाशी फिरणाऱ्यांना त्याची इमारत दिसते. त्याचा गज दिसत नाही. परंतु शेरशहाच्या कारकिर्दीत (१५४० ते १५४५) शेतांची मोजणी ह्याच गजाने झाली.

गज ठरला तरी तंटा मिटला नाही, कारण शेत गजाने मोजीत नसत. साठ गजांच्या जरिबेने मोजीत. ही जरीब तागाच्या दोराची. दोर भिजला की आखडतो, वाळला की लांबतो. अबुल फझल सांगतो की सकाळच्या दहिवरात दोर ओला असताना मोजणी केली तर रयतेचे नुकसान होई, दिवस चढल्यावर तो वाळला की सरकारचे. आणि कित्येकदा दोर मुद्दाम दहिवरात ठेवला जाई. हे नुकसान किती होऊ शकेल ते आपणच काढून पाहू. समजा साठ गजांचा दोर भिजून सत्तावन्न गजांचा झाला. ज्या शेताची प्रत्येक बाजू खरोखर साठ गज आहे ते त्या दोराने त्रेसष्ट गजांहून थोडे अधिक भरेल. क्षेत्रफळात ही चूक दोन वेळा गुणली जाते, म्हणून एक बिघ्याचे शेत वहीत सुमारे एक बिघा दोन बिस्वे चढेल. बिस्वा म्हणजे बिघ्याचा विसावा हिस्सा. दोराने फक्त विसावा भाग चोरला. शेतकऱ्यावरचा सारा मात्र दशांशाहून अधिक वाढला.

१५७५ साली अकबराने दोर काढून टाकला आणि लोखंडी कड्यांनी जोडलेल्या बांबूंची जरीब आणली. अकराच वर्षांनी, १५८६ मध्ये, एक्केचाळीस अंगुळांचा इलाही गज सर्वत्र लागू केला. बांबूला दहिवराची बाधा होत नाही. तोडरमलाच्या महसूलव्यवस्थेची थोरवी पुष्कळ गाइली जाते; त्यातील काही वाटा ह्या मुक्या बांबूलाही द्यावा लागेल.

पाच हात, पाच मुठी

आता महाराष्ट्राकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या जमीनमोजणीचे माप दिले आहे. काठी पाच हात पाच मुठींची. हात चौदा तसूंचा. हात व मुठी मिळून काठी ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो एक बिघा. एकशे वीस बिघ्यांचा एक चावर.

ह्या नोंदीचे मर्म वरवर वाचून ध्यानात येत नाही. पाच हात म्हणजे सत्तर तसू. ब्याऐंशीतून सत्तर वजा केले की बारा राहतात. तेव्हा पाच मुठी म्हणजे बारा तसू, म्हणजे एक मूठ जवळजवळ अडीच तसू. येथे दोन मापे एकमेकांना पहारा देत आहेत. ‘पाच हात पाच मुठी’ हे गावकऱ्यासाठी. ते त्याला स्वतःच्या अंगावर ताडून पाहता येते. ‘ब्याऐंशी तसू’ हे दफ्तरासाठी. ते कोणाच्याही अंगावर अवलंबून नाही. मोजणीदाराचा हात लांब असो वा आखूड, काठी ब्याऐंशी तसूंचीच हवी. मापाचे नाव शरीराचे राहिले, पण शरीराचा अधिकार संपला. माझ्या मते मोजणीच्या इतिहासातील ही पायरी गजापेक्षाही महत्त्वाची आहे. कारण येथे रयतेच्या हाती पडताळ्याचे साधन राहू दिले आहे.

हात सुमारे ४६ सेंटिमीटरांचा धरला तर ही काठी २ मीटर ७० सेंटिमीटरांच्या आसपास येते, आणि बिघ्याची बाजू सुमारे ५४ मीटर.

वीस गुणिले वीस हा आकडा आपण लक्षात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दहा हातांचा एक वंश आणि प्रत्येक बाजूस वीस वंश असलेले चौकोनी क्षेत्र ते निवर्तन, असे कोष्टक आहे. (निवर्तन त्याहूनही जुने. नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीने भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिल्याचा लेख आहे. ते शेत पडीक राहिल्यामुळे सहा वर्षांनी त्याऐवजी दुसरीकडे शंभर निवर्तने दिली, असेही तेथेच कोरले आहे.) महाराष्ट्रात वीस चौरस काठ्यांचा पांड व वीस पांडांचा बिघा. दिल्लीकडे वीस बिस्वांसींचा बिस्वा व वीस बिस्व्यांचा बिघा. सर्वत्र चारशे. हाताची दहा व पायाची दहा बोटे मोजून होणारा विसा खेड्यातल्या वृद्ध स्त्रिया अजून वापरतात. तोच येथे शेतात उतरला आहे.

समुद्रापलीकडची काठी

ज्या वर्षांत शेरशहाचे मोजणीदार सिकंदरी गज घेऊन दिल्लीच्या परगण्यांतून हिंडत होते, जवळजवळ त्याच वर्षांत मेक्सिको देशातील तेपेत्लाओस्तोक नावाच्या गावी नाहुआत्ल भाषा बोलणारे लेखक आपल्या वाड्यांतील घराघरांची आणि शेताशेतांची चित्रवही तयार करीत होते. स्पॅनिश सत्ता तेथे येऊन वीस-बावीस वर्षे झाली होती. ह्या वह्यांपैकी एक आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘व्हेर्गारा’ ह्या नावाने, आणि दुसरी मेक्सिकोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘सांता मारिया असुन्सिओन’ ह्या नावाने जतन केलेली आहे. हिंदुस्थानशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. तरी त्यांच्या मुख्य मापाचे नाव ऐकून मराठी वाचकाला नवल वाटेल: त्लाल्क्वावित्ल, शब्दशः ‘जमिनीची काठी’. तिची लांबी सुमारे अडीच मीटर.

नोंदीची रीत अशी. शेताची आकृती काढावयाची. मध्ये मातीचा प्रकार दाखविणारे चिन्ह. शेजारी घरधन्याचे मस्तक व नाव. प्रत्येक बाजूवर तिची लांबी. एक रेघ म्हणजे एक काठी, पाच रेघा वर जोडून घेतलेल्या. एक ठिपका म्हणजे वीस काठ्या. दोन ठिपके व तीन रेघा असल्या की त्रेचाळीस. दुसऱ्या नोंदीत तेच शेत एका चौकटीच्या रूपाने येते आणि तेथे क्षेत्रफळ लिहिलेले असते. चौकटीच्या कोपऱ्यात एक लहान कप्पा. त्यात एक ते एकोणीस सुटे आकडे. तळाशी अथवा मध्यभागी विसांचे गठ्ठे. आकड्याची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, ही गोष्ट १९८० साली हर्बर्ट हार्वी व बार्बरा विल्यम्स यांनी दाखवून दिली. क्षेत्र चारशेच्या आत असेल तर चौकटीच्या माथ्यावर मक्याचे कणीस काढीत. पुन्हा चारशे!

पण शेत काही काठीच्या सोयीने कापलेले नसते. शेवटी काठीपेक्षा लहान तुकडा उरतोच. मराठीत अशा वेळी आपण सव्वा, साडे, पाऊण म्हणतो, आणि जुन्या हिशेबात आकड्यापुढे उभ्या दांड्या मारीत: ७। म्हणजे सव्वासात, ७॥ म्हणजे साडेसात, ७॥। म्हणजे पावणेआठ. नाहुआत्ल लेखक अशा जागी चित्र काढी. कोठे हाताचा पंजा, कोठे बाण, कोठे हृदय, कोठे बाहू, कोठे हाड. शरीराचे भाग शेताच्या कडेला अशा रीतीने बसलेले पाहून प्रथम पाहणारा चकित होतो.

बाण म्हणजे धनुष्य ताणल्यासारखे अंतर, एका हाताच्या कोपरापासून दुसऱ्या पसरलेल्या हाताच्या बोटांपर्यंत. हृदय म्हणजे छातीच्या मध्यापासून बोटांपर्यंत. परंतु ह्या चित्रांची नेमकी किंमत किती, हे वहीत कोठेही लिहिलेले नाही. ती शोधून काढण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. वहीत बाजूही आहेत आणि क्षेत्रफळही आहे. कल्पना करा की एका आयताची लांबी वीस काठ्या आणि रुंदी दहा काठ्या व एक हृदय आहे, आणि क्षेत्रफळ २०८ लिहिले आहे. दहा काठ्यांचे दोनशे झाले. उरलेले आठ त्या हृदयाने दिले. आठाला विसाने भागले की हृदय म्हणजे दोन पंचमांश काठी. हृदयाच्या जागी बाण असता तर २१० आले असते. अशी शेकडो शेते एकमेकांशी ताडून बार्बरा विल्यम्स आणि मारिया देल कार्मेन होर्हे इ होर्हे यांनी २००८ साली पाचही चिन्हांच्या किमती प्रसिद्ध केल्या: हात तीन पंचमांश, बाण अर्धा, हृदय दोन पंचमांश, बाहू एक तृतीयांश, हाड एक पंचमांश.

म्हणजे ह्या लेखकांनीही सभासदाच्या बखरीतल्यासारखाच मार्ग धरला होता. नाव शरीराचे, किंमत काठीची. वहीतले हृदय कोणा एका माणसाचे नव्हते. सर्व वाड्यांत ते एकाच मोलाचे होते. नाही तर गुणाकार जुळलाच नसता.

येथे वाचकाने एक सावधगिरी बाळगावी. वीस काठ्यांची बाजू मेक्सिकोत सुमारे पन्नास मीटर, इलाही बिघ्याची सुमारे पन्नास मीटर, शिवकालीन बिघ्याची त्याहून किंचित अधिक. एवढ्यावरून प्राचीन काळी कोणी कोणाकडून हे शिकले असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. माणसाची बोटे दोन्हीकडे वीस आहेत, आणि एका माणसाला शेतातून सहज फिरविता येईल अशी काठी अडीच ते तीन मीटरच असू शकते. साम्याला तेवढे कारण पुरे आहे.

वाकडे शेत

काठी खरी असली तरी हिशेब खरा असतोच असे नाही. चार बाजूंच्या शेताचे क्षेत्रफळ काढण्याची एक रीत जगभर आढळते: समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढा आणि दोन सरासरींचा गुणाकार करा. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ती दिली, आणि ती स्थूल आहे हेही सांगितले. मेक्सिकोच्या मोजणीदारांनीही ती वापरलेली दिसते. आयताला ती अचूक लागू पडते. परंतु शेत तिरके असले तर?

प्रत्येक बाजू वीस काठ्या, पण कोपरे काटकोनात नसून एक कोन साठ अंशांचा आहे, असे शेत घ्या. रीतीप्रमाणे क्षेत्र चारशे, पूर्ण बिघा. खरे क्षेत्र मात्र ३४६. चोपन्न चौरस काठ्या, म्हणजे पावणेतीन पांडांच्या आसपास जमीन, केवळ कागदावर उगवली. ह्या रीतीची खोड अशी की ती नेहमी एकाच दिशेने चुकते. उत्तर खऱ्याइतके येईल किंवा अधिक येईल. कमी कधीच येणार नाही. ज्याच्याकडून सारा घ्यावयाचा त्याच्या विरुद्ध झुकलेला हा तराजू आहे. केवळ चार बाजू सांगून, लंब अथवा कर्ण न देता, चौकोनाचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त पिशाच म्हटले आहे. त्यांचा राग गणिताचा होता. शेतकऱ्याचा राग त्याच जागी, पण निराळ्या कारणाने, आला असता. मेक्सिकोतल्या वह्यांची २०११ साली पुन्हा गणिती तपासणी झाली, तेव्हा तेथील पुष्कळ क्षेत्रफळे शक्य असलेल्या खऱ्या क्षेत्राच्या बरीच जवळ असल्याचे आढळले. त्याच तेपेत्लाओस्तोकच्या लोकांनी पुढे आपल्यावरील अवाजवी खंडणीची दाद मागण्यासाठी आणखी एक चित्रग्रंथ रचला. तो आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

गज उरला, हात गेला

ब्रिटिश अमलात इलाही गज ३३ इंचांचा ठरविण्यात आला. साठ गजांची बाजू ५५ यार्ड, आणि बिघा ३,०२५ चौरस यार्डांचा, म्हणजे एकराचे बरोबर पाच अष्टमांश. हा पक्का बिघा. दिल्लीच्या महसुली नोंदींत जो बिघा चालतो तो ह्याचा एक तृतीयांश, सुमारे १,००८ चौरस यार्डांचा. एका एकरात असे ४.८ बिघे बसतात. पुढे गज हा शब्द ३६ इंची यार्डाला चिकटला. दिल्लीचा आजचा ‘शंभर गज’ म्हणजे शंभर चौरस यार्ड, सुमारे ८४ चौरस मीटर. अकबराच्या गजाशी त्याचे नावापुरतेच नाते आहे.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या मोजणीने, १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून, काठी व बिघा हटवून एकर व गुंठा आणले. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळीचे सोळा भाग करून त्यांना आणे म्हणत. येथे शेष उरलेला तुकडा शरीराच्या नावाने न सांगता रुपयाच्या नावाने सांगितला जाऊ लागला. काठी अशी लोखंडाची झाली आणि हात-मूठ दफ्तरातून बाहेर पडली.

आज मीटरची व्याख्या प्रकाशाच्या वेगावर आधारलेली आहे. निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या हिश्श्यात जितके अंतर कापतो तो मीटर, असे १९८३ साली ठरले. आणि आपल्या देशापुरते ते माप सिद्ध करून जपण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. ते कोणाला तासता येत नाही, दहिवरात आखडत नाही. मात्र आपल्या अंगावर ते ताडूनही पाहता येत नाही.

शाळेतील विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. सभासदाच्या आकड्यांप्रमाणे पाच मुठी बारा तसूंच्या आणि एक हात चौदा तसूंचा. म्हणजे पाच मुठी ह्या हाताच्या सहा सप्तमांश भराव्यात. वर्गातील प्रत्येकाने आपला हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सेंटिमीटरांत मोजावा. मग मुठी एकीला एक लावून पाच मुठींची रुंदी मोजावी, आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागावे. सहा सप्तमांश म्हणजे सुमारे ०.८६. उंच मुलांचे हात मोठे निघतील, ठेंगण्यांचे लहान. परंतु हा भागाकार किती जणांचा ०.८६ च्या जवळ येतो ते फळ्यावर लिहून पाहावे. नंतर वर्गातील सर्वांत उंच व सर्वांत ठेंगण्या मुलाच्या मापाने पाच हात पाच मुठींच्या दोन दोऱ्या कापून शाळेचे मैदान दोहोंनी मोजावे, आणि दोन्ही क्षेत्रफळांवर सारख्याच दराने सारा आकारून, कोणत्या दोरीने मैदानाच्या मालकाला किती अधिक भरावे लागते तो हिशेब मांडावा.